फर्नांडिसबाईंची नोकरी

आमच्या ऑफिसात खाती सहा होती आणि त्या सहा खात्यांना मिळून जेवणाचा डबा एकच यायचा. तो तरसालीहून स्कूटरच्या हुकाला लटकून यायचा, आणि तो सोडवून हातात घेत भालचंद्रराव माने आत यायचे.

बडोद्यात, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, अगदी मागच्या गल्लीत आमचा पंपाचा कारखाना. मागे शेड, पुढे एक खोली. खोलीत दोनच टेबलं, एक माझं डिस्पॅचचं आणि एक मानेंचं. काचेपलीकडे शेठची केबिन. बाहेरच्या जगाला मात्र आम्ही फार मोठे वाटायचो. वेबसाइटवर चौकशी, विक्री, हिशेब, सर्व्हिस, तक्रार आणि एचआर असे सहा विभाग छापलेले, प्रत्येकाचा मेलचा पत्ता वेगळा. कोइमतूरच्या माणसाला वाटावं, तिथं मोठी इमारत असेल आणि लिफ्टपाशी गर्दी होत असेल. इथं पंखासुद्धा आम्हा दोघांत एक होता आणि तोही मानेंच्या बाजूलाच जास्त रेंगाळायचा.

हे सगळे पत्ते मानेंच्या जुन्या कॉम्प्युटरवर, मेलच्या एकाच प्रोग्रॅममध्ये बसवलेले होते. डाव्या हाताला सहा नावं एकाखाली एक, आणि तळाशी सातवं त्यांचं स्वतःचं, घरगुती कामापुरतं. मेल लिहायला घेतला की वर एक पट्टी येते, हा कुणाकडून जाणार ते दाखवणारी. तिथला बाण दाबला की सगळे पत्ते उघडतात. पाहिजे तो निवडायचा, खाली सही आपोआप बदलते. त्यात जादूबिदू काही नाही. मलाही येतं आता, कुणालाही येईल. पण निवडलेल्या पत्त्यासारखं बसायचं कसं, ते फक्त मानेंना येत होतं.

हिशेबाचा मेल लिहायचा असला की ते शर्टाचं वरचं बटण लावत. सर्व्हिसचा असला की बाह्या दुमडत. विक्रीचं लिहिताना खुर्ची मागे रेलून, एक पाय हलवत, तोंडात बडीशेप टाकून. मी नवी होते तेव्हा एकदा म्हटलं, “मानेसाहेब, समोरच्याला तुमची बाही दिसते का?”

“बाही नाही दिसत, सुनीताताई. पण आवाज येतो ने,” ते म्हणाले. “आधी कोण ते ठरवायचं. काय लिहायचं ते मग आपोआप येतं.”

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दिवसातून एकदा तरी ऐकावं लागायचं, आणि पगाराच्या आठवड्यात, जेव्हा आम्ही सगळेच वैतागलेले असायचो, तेव्हा ते ऐकून माझं डोकं फिरायचं.

प्रत्येक खात्याला त्यांनी माणूसही दिला होता. विक्रीला देसाई, सर्व्हिसला जोशी, हिशेबाला कुणी एक कडक शहा. यातलं कुणीही कधी जन्माला आलेलं नव्हतं. पण मानेंचा जीव की प्राण होत्या त्या तक्रार विभागातल्या मिसेस एल. फर्नांडिस. सुरुवातीला गिऱ्हाइकं मेलमधून फार वाटेल ते बोलत. शेठ म्हणाले, “कोई लेडीजनुं नाम राखो, मानेभाई, पछी शांतीथी बोलशे.” मानेंना लहानपणी रेल्वे कॉलनीजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायला अशाच एक बाई होत्या. कितीही चिडल्या तरी आधी ‘माय डिअर चाइल्ड’ म्हणायच्या. माने त्यांच्याच चालीवर लिहू लागले. तक्रारीचा मेल उघडण्याआधी ते उठून तोंड धुऊन यायचे आणि अर्धा कप चहा घ्यायचे. “बाई पारोशा बसत नाहीत,” म्हणायचे.

आणि खरंच, लोक शांत झाले. शिव्यांनी सुरू झालेला मेल तिसऱ्या उत्तराला ‘रिस्पेक्टेड मॅडम’वर यायचा. दिवाळीला देसाई-जोशींना कुणी विचारत नसे, बाईंना मात्र शुभेच्छांचे मेल यायचे आणि नाताळला पुन्हा वेगळे.

मानेंचे आजोबा संस्थानच्या पलटणीत होते. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत हे सांगतात, त्यात नवल नाही. माने मात्र ते अजून संस्थान खालसा झालेलंच नाही अशा थाटात सांगायचे. त्यांचा ताठा पाठीत होता, बोलण्यात नव्हता. दिवसभर खुर्चीत ताठ बसून संध्याकाळी उठताना दोन्ही हात टेबलावर टेकवायचे आणि म्हणायचे, “सहा जणांची कंबर आहे ही, दुखणारच.”

एकदा राजकोटच्या एका पार्टीचा पंप रखडला. ओतकामाहून पंपाचं कास्टिंगच आलं नव्हतं, त्यात कुणाचाच इलाज नव्हता. मानेंनी काय करावं? विक्रीच्या देसाईंनी सर्व्हिसच्या जोशींना खरमरीत मेल टाकला आणि त्याची प्रत गिऱ्हाइकाला लावली. जोशींनी उलट उत्तर दिलं. मग शहांनी मध्ये पडून दोघांनाही झापलं. राजकोटवाला खूश, आपल्यासाठी अख्खी कंपनी आपसात भांडतेय म्हणून. इथं मी समोर बसलेली, एकाच माणसाला बाह्या दुमडताना आणि सोडताना बघत. दुपारी डबा उघडला तेव्हा माने गप्प गप्प होते.

“काय झालं?” मी विचारलं.

“जोशींनी फार लागेल असं लिहिलं हो आज.”

“अहो, जोशी तुम्हीच ना?”

“हो ने. पण म्हणून काय झालं? लागायचं ते लागतंच.”

मी त्यांना माझ्या डब्यातलं लोणचं दिलं.

दुसऱ्या एका वर्षी नाशिककडचे एक द्राक्षबागाईतदार, बोरस्ते नावाचे, थेट ऑफिसात येऊन उभे राहिले. हातात बेदाण्याचा मोठा डबा. भर उन्हाळ्यात त्यांचा पंप बंद पडला होता आणि फर्नांडिसबाईंनी म्हणे रोज मेल करून धीर दिला होता. बाईंना भेटायचं होतं. मी कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसलं. माने उठून उभे राहिले आणि म्हणाले, “बाई आज रजेवर आहेत.”

“मग घरी देऊन येतो की. राहतात कुठं?”

“हरणीला. पण लांब आहे, तुम्हाला सापडणार नाही.”

“घरी कोण कोण असतं त्यांच्या?”

“एक मुलगी. लग्न झालंय.”

“आणि मिस्टर?”

“वारले,” म्हणाले.

बोरस्ते हळहळले, डबा ठेवून गेले. मी म्हटलं, “अहो, बिचाऱ्याला मारलंत कशाला?”

“ठेवला असता तर त्याची नोकरी सांगावी लागली असती. तेवढं खोटं मला झेपत नाही, ताई.”

बेदाणे त्यांनी शेडमधल्या कामगारांत वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही. बाईंची वस्तू आहे म्हणाले. मी मूठभर खाल्ले. मला असले सोस नाहीत.

मानेंच्या बायकोला, कुसुमवहिनींना, मी दोन-तीनदाच भेटले होते. बारीक, हसऱ्या, चार पायऱ्या चढल्या की भिंतीला हात लावून थांबणाऱ्या. हृदयाचं एक ऑपरेशन पूर्वी झालेलं होतं, दुसरं करावं लागणार होतं. अंगात जरा शक्ती आली की दिवाळीनंतर करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खर्च सगळा कंपनीच्या मेडिक्लेमवर. आधीचं दुखणं असलेल्या बाईला त्या वयात बाहेर कोण नवी पॉलिसी देतो? मानेंनी विचारून पाहिलं होतं, दोन ठिकाणी नकार घेऊन आले होते. म्हणजे माने नोकरीत तोवर वहिनींची पॉलिसी. आणि माने अठ्ठावन्नचे होणार होते श्रावणात. ऑपरेशन होईपर्यंत नोकरीत ठेवण्याचा शेठनी तोंडी शब्द दिलेला होता, “ऑपरेशन सुधी तमे अहीं ज छो. चिंता नहीं करवानी.” त्या शब्दावर दोघं नवरा-बायको निश्चिंत होते.

हे मला कळलं ते मानेंच्या हातून झालेल्या एकुलत्या एका चुकीमुळे. साताऱ्याच्या मेहुण्यांना त्यांनी बहिणीच्या तब्येतीचा मेल लिहिला. पण त्या वेळी समोर तक्रारीचं खातं उघडं होतं, आणि जे उघडं असेल त्याच पत्त्यावरून नवा मेल जातो, हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाच्याही लक्षात राहिलं नाही. मेहुण्यांना मिळालेला मेल असा होता: कुसुमची तब्येत नरम आहे, दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं ठरतंय, मी सतत तिच्याजवळ आहे, काळजी नसावी. खाली सही, मिसेस एल. फर्नांडिस.

फोन आला तो मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. “दाजी, ही फर्नांडिस कोण? आणि ती माझ्या बहिणीला एकेरीत कशी काय बोलते?” माने घामाघूम. “अहो, ती मीच आहे,” असं सांगत होते आणि पलीकडचा माणूस आणखीच भडकत होता. शेवटी वहिनींनी स्वतः साताऱ्याला फोन करून भावाला समजावलं. नंतर त्या मला म्हणाल्या, “सवत मिळाली तीसुद्धा ऑफिसची. घरी येऊन चार भांडी तरी घासली असती.” आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

वैशाखात शेठना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. त्यांचा मुलगा जिग्नेशभाई सुरतेहून आला आणि केबिनमध्ये बसू लागला. माणूस वाईट नव्हता. हसून बोलायचा, सगळ्यांना पाणी विचारायचा. महिनाभर त्याने सहाही पत्त्यांवरचे मेल आपल्या फोनवर घेऊन वाचून काढले. पगाराचे कागद बाहेरचा अकाउंटंट बघायचा, ते याने उघडलेच नाहीत. मग एक दिवस एचआरचं कोण बघतं ते विचारायला मानेंना आत बोलावलं. मधली काच पातळ, मला सगळं ऐकू येत होतं.

“मानेभाई, एचआरनुं कोण जुए छे?”

“हुं जोई लउं छुं, साहेब.”

“तो बे लेटर लखवाना छे.”

पहिलं पत्र माने यांना, वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होत असल्याने निवृत्तीचं. दुसरं मिसेस फर्नांडिस यांना, पगारवाढीचं. “आखी ऑफिसमां आ एक मॅडम ज काम करे छे,” जिग्नेशभाई म्हणाला. “क्यां बेसे छे? घरेथी करे छे?”

मानेंनी शेठनी दिलेल्या शब्दाचं तेवढं सांगितलं. “पप्पाए कह्युं हशे. मने खबर नथी,” जिग्नेशभाई म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. शेठ तर आता बोलू शकत नव्हते.

माने टेबलाशी आले. बाण दाबून एचआरचा पत्ता निवडला आणि स्वतःच्या निवृत्तीचं पत्र लिहिलं. एकही शब्द मऊ केला नाही. पाठवलं. क्षणात त्याच प्रोग्रॅममध्ये खाली सातव्या पत्त्यावर तेच पत्र येऊन पडलं. ते त्यांनी उघडून पहिल्यापासून वाचलं.

“बरं लिहिलंय,” म्हणाले.

माझा संताप झाला. “आत जा आणि सांगा त्याला! तुम्ही कोण आहात ते सांगा!”

“काय सांगू, ताई? फर्नांडिसबाई मी आहे म्हणून?”

“हो! वहिनींचं ऑपरेशन आहे ना? मग लाज कसली?”

ते मग उठले, तोंड धुऊन आले आणि आत गेले.

“एटले फर्नांडिस मॅडम छे ज नहीं?” काचेपलीकडून आवाज आला.

“छे, साहेब. पण ए हुं छुं.” आहेत, पण त्या म्हणजे मीच, असं माने सांगत होते.

“अने जोशी?”

“ए पण हुं.”

देसाई, शहा, सगळे एकेक करून हजर झाले. जिग्नेशभाई खो खो हसायला लागला. “तमे तो कमाल माणस छो, मानेभाई!” इकडे माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं काम.

मग तो व्यवहाराचं बोलू लागला. मानेंनी नियमाप्रमाणे निवृत्त व्हायचं. बाईंनी काम चालू ठेवायचं, घरून, कंत्राटावर, मेलमागे ठरावीक पैसे. ऑफिसचं टेबलही मोकळं होईल. “बधा खुश,” तो म्हणाला.

“अने पॉलिसी?” मानेंनी विचारलं.

“ए तो स्टाफ माटे ज होय ने.”

पॉलिसी फक्त नोकरीतल्या माणसांसाठी. अशी मानेंची नोकरी गेली आणि फर्नांडिसबाईंची राहिली. श्रावणात आम्ही त्यांना हार घातला, शेव-खमण खाल्लं. एचआरचा पत्ता जिग्नेशभाईने स्वतःकडे घेतला. बाकीचे पाच, तो प्रोग्रॅम आणि तो जुना कॉम्प्युटर रिक्षातून मानेंच्या घरी तरसालीला गेला. रिकाम्या टेबलावर मी पार्सलं ठेवू लागले.

त्यानंतर माने मला मेलमधूनच भेटायचे. कधी जोशी म्हणून, कधी बाई म्हणून, माल कधी निघणार विचारायचे. आम्ही अगदी रीतसर लिहायचो. मी कधी शेवटी ‘वहिनी कशा आहेत?’ असं घातलं, तर त्याचं उत्तर त्या मेलला येत नसे. ते सातव्या पत्त्यावरून वेगळं यायचं. ‘बरी आहे. जिना चढवत नाही.’ ‘झोप लागत नाही.’ ‘बसून झोपते.’ दिवाळी आली आणि गेली. ज्या दवाखान्यात ठरलं होतं तिथलं पॉलिसीशिवाय जमण्यासारखं नव्हतं. सरकारी दवाखान्यात नाव घातलं, पण तिथं माणसं फार आणि डॉक्टर थोडे. आज या, उद्या या, पुढच्या महिन्यात बघू, असं करत उन्हाळा लागला. मी गोत्रीला राहते, तरसाली दुसऱ्या टोकाला. जाईन जाईन म्हणत राहिले आणि रोज संध्याकाळी घरी जाऊन कुकर लावत राहिले.

मग चार दिवस तक्रार खात्याचं उत्तरच कुणाला मिळेना. गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. जिग्नेशभाई म्हणाला, “सुनीताबेन, जरा जोई आवो ने.” मी फोन केला तर मेहुण्यांनी उचलला. ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. वहिनी त्याआधीच गेल्या.

जिग्नेशभाईला खरंच वाईट वाटलं. गिऱ्हाइकांना काय सांगायचं विचारलं, तर म्हणाला, मॅडमच्या घरी कुणीतरी वारलं म्हणून कळवा. त्याने तक्रारीचा पत्ता माझ्या कॉम्प्युटरवर चालू करून दिला. मी तसं लिहिलं, बाण दाबून बाईंचा पत्ता निवडला आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून सांत्वनाचे मेल येऊ लागले. कोइमतूर, इंदूर, राजकोट, नाशिक, सगळीकडून. कुणी बाईंसाठी प्रार्थना केली होती, कुणी आपल्या आईचं दुःख सांगितलं होतं. एकाने लिहिलं होतं, माझ्या वाईट दिवसांत तुम्ही माझ्याशी गोड बोललात, ते मी विसरलेलो नाही. वाचता वाचता मला रडू आलं. मानेंना ज्यांनी कधी पाहिलं नाही ती माणसं मानेंसाठी इतकी कळवळत होती, आणि त्यांच्या रोजच्या ओळखीच्या आम्ही चार-पाच जणांनी एक हार पाठवला होता.

तेराव्यानंतर मी तरसालीला गेले. दुपारची वेळ होती. मेहुणे आत झोपले होते. माने बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले होते, दाढी वाढलेली, पाठ पहिल्यांदाच वाकलेली. मला बघून त्यांनी खुर्ची सरकवली आणि पाणी आणायला उठू लागले. मी बसवलं. ते सगळे मेल त्यांनी उघडून वाचले होते आणि आता एकेकाला उत्तर लिहीत होते. मी पडद्याकडे पाहिलं. प्रत्येक उत्तरात वरचा पत्ता बदललेला होता. बाईंना आलेल्या मेलला ते स्वतःच्या पत्त्यावरून उत्तर देत होते. मजकूर अगदी थोडका होता. मिसेस फर्नांडिस नावाचं कुणी नाही, त्या नावाने मी लिहीत होतो, माफ करा. गेली ती माझी बायको, कुसुम. तुम्ही आठवण काढलीत, आभारी आहे. भालचंद्र माने.

निम्म्याहून जास्त मेल गेलेही होते.

“मानेसाहेब,” मी म्हटलं, “हे जिग्नेशभाईला कळलं तर बाईंची नोकरी जाईल हो.”

त्यांनी पुढचा मेल उघडला, वरचा बाण दाबला आणि यादीतलं शेवटचं नाव निवडलं.

“जाऊ द्या, ताई,” म्हणाले. “दमल्या त्याही.”